स्पर्धा कायदा आणि ग्राहक कायदा: पदव्युत्तर पातळीवरचा ऑनलाइन अभ्यास कसा करावा

‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या भारतातल्या दोन केंद्रीय कायद्यांत दिलेली आहे आणि त्या दोन व्याख्या एकमेकींशी जुळत नाहीत. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम २(एफ) नुसार पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारासाठी माल घेणाराही ग्राहकच असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(७) मात्र अशा खरेदीदाराला बाहेर ठेवते आणि केवळ स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याचा अपवाद करते. इचलकरंजीत दोन माग विकत घेऊन ते स्वतः चालवणारा माणूस दोन्ही कायद्यांखाली ग्राहक ठरू शकतो. तिथलाच पन्नास माग लावून कामगार ठेवणारा कारखानदार जिल्हा ग्राहक आयोगाच्या दारात अडतो, पण माग बनवणाऱ्यांनी आपसांत भाव ठरवले असतील तर भारतीय स्पर्धा आयोगाकडे तो निश्चित जाऊ शकतो. हे दोन विषय वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या टिपणांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक फार उशिरा कळतो. म्हणून ते एकत्र, शेजारी शेजारी ठेवून शिकावेत असे माझे ठाम मत आहे आणि पुढची सारी मांडणी त्याच मताला धरून केली आहे.

या दोन कायद्यांचे मूळही एकच आहे. मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारी प्रथांविषयीचा एमआरटीपी कायदा १९६९ साली आला. सच्चर समितीच्या शिफारशींनंतर १९८४ च्या दुरुस्तीने त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे प्रकरण घालण्यात आले, म्हणजे मक्तेदारी आणि फसवी जाहिरात या दोहोंची दखल काही काळ एकच आयोग घेत होता. २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळून ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९९९ मध्ये नेमलेल्या राघवन समितीच्या अहवालातून २००२ चा स्पर्धा कायदा उभा राहिला, त्याची कलम ३ आणि ४ प्रत्यक्षात २० मे २००९ पासून लागू झाली आणि त्याच वर्षी एमआरटीपी कायदा रद्द झाला. या वाटणीचा एक जिवंत पुरावा गोव्यात सापडतो. औषधांचे साठेदार नेमण्यासाठी संघटनेच्या ना हरकत प्रमाणपत्राची सक्ती केल्याबद्दल गोव्याच्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेविरुद्धचे प्रकरण जुन्या एमआरटीपी व्यवस्थेतून स्पर्धा आयोगाकडे आले आणि त्यावर ११ जून २०१२ रोजी आदेश झाला. हा आदेश फार मोठा नाही. माझ्या मते अभ्यासाची सुरुवात करायला त्याच्याइतका सोयीचा दुसरा आदेश नाही.

पदवी, पदविका की प्रमाणपत्र

प्रवेश अर्ज भरण्याआधी हा प्रश्न मिटवावा, कारण इथे झालेली चूक पैशाने भरून निघत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाच्या विनियमांनुसार ज्या विषयांच्या पदव्या या मार्गाने देण्यास मनाई आहे, त्यांत कायदा हा विषय आहे. आपल्या मान्यतेवाचून ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने दिल्या जाणाऱ्या एलएल.एम. पदव्यांविरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडियानेही इशारा दिलेला आहे. त्यामुळे एखादी भारतीय संस्था ‘घरबसल्या एलएल.एम.’ अशी जाहिरात करत असेल, तर मान्यतेचे पत्र लेखी मागावे आणि ते हाती येईपर्यंत शुल्क भरू नये. ग्राहक कायदा शिकायला निघालेल्या माणसाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला बळी पडू नये, इतकी अपेक्षा रास्त आहे.

भारतात ऑनलाइन किंवा दूरस्थ मार्गाने मिळते ती मुख्यतः पदव्युत्तर पदविका किंवा प्रमाणपत्र. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने ग्राहक कायदा आणि व्यवहार या विषयाची पदव्युत्तर पदविका दूरस्थ पद्धतीने चालवलेली आहे. चालू वर्षी प्रवेश खुला आहे का, हे त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावे. इग्नूचे ग्राहक संरक्षण प्रमाणपत्र पदव्युत्तर पातळीचे नाही, पण कायद्याची पदवी नसलेल्या कार्यकर्त्याला त्यातून पाया घालता येतो. परदेशी पर्यायांपैकी मेलबर्न विद्यापीठाच्या लॉ स्कूलने जागतिक स्पर्धा आणि ग्राहक कायदा या जोडविषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ऑनलाइन आणला. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा युरोपीय स्पर्धा कायद्याचा दूरस्थ अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला आहे, मात्र त्यात ग्राहक कायदा नाही. ऑस्ट्रेलियात हे दोन विषय एकत्र शिकवले जाणे स्वाभाविक आहे. तिथे २०१० चा एकच कायदा दोन्ही विषय कवेत घेतो आणि ऑस्ट्रेलियन स्पर्धा व ग्राहक आयोग ही एकच संस्था दोहोंची अंमलबजावणी करते.

कोणाला काय घ्यावे? ज्याला महाविद्यालयात शिकवायचे आहे किंवा पीएच.डी. करायची आहे, त्याने प्रत्यक्ष वर्गातली मान्यताप्राप्त एलएल.एम. करावी आणि ऑनलाइन अभ्यास पूरक म्हणून ठेवावा. परदेशी ऑनलाइन पदवीला भारतात समकक्षता मिळेल असे गृहीत धरू नये. ती हवी असेल तर प्रवेशाआधीच समकक्षता ठरवणाऱ्या भारतीय यंत्रणेकडे चौकशी करावी. वकिली करणारा, कंपनी सचिव, सनदी लेखापाल, खरेदी विभागातला अधिकारी किंवा ग्राहक चळवळीतला कार्यकर्ता यांना पदवीच्या कागदापेक्षा विषयातली पकड हवी असते, आणि त्यांच्यासाठी पदविका किंवा चांगले प्रमाणपत्र पुरेसे आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न टिपणांच्या तारखेचा. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला नाव घातले होते. तिथल्या छापील टिपणांत जिल्हा आयोगाची आर्थिक मर्यादा एक कोटी रुपये दिलेली होती. २०१९ च्या मूळ कायद्यात ती तशी होती हे खरे. परंतु ३० डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती बदलली. आता जिल्हा आयोगाकडे पन्नास लाखांपर्यंतची, राज्य आयोगाकडे पन्नास लाखांच्या वर दोन कोटींपर्यंतची आणि राष्ट्रीय आयोगाकडे दोन कोटींवरची प्रकरणे जातात. मी जुन्या आकड्यावर एक लेखी स्वाध्याय रचला, तपासनिसानेही तो बरोबर धरला, आणि चूक कळली ती एका पक्षकाराच्या तक्रारीचा मसुदा करताना. तेव्हापासून कोणत्याही अभ्यासक्रमाचे नमुना प्रकरण मागून त्यात तीन गोष्टी शोधण्याची सवय मी लावून घेतली आहे: ग्राहक आयोगांच्या सुधारित आर्थिक मर्यादा, स्पर्धा कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती आणि डार्क पॅटर्नविषयीची (संकेतस्थळाची किंवा अॅपची ग्राहकाला फसवणारी रचना) ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे. तिन्हींपैकी एकही नसेल तर तो अभ्यासक्रम सोडून द्यावा.

दुसरा प्रश्न वेळेचा. परदेशी अभ्यासक्रमात थेट तासिका असतील तर घड्याळाचा हिशेब आधी मांडावा. मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे जाते. म्हणजे तिथला संध्याकाळी सहाचा वर्ग आपल्याकडे भर दुपारी, कचेरीच्या वेळेत येतो. लंडनचा संध्याकाळी सहाचा वर्ग ऋतूप्रमाणे रात्री साडेदहा किंवा साडेअकराला सुरू होतो. ध्वनिचित्रमुद्रण मिळते का आणि उपस्थितीला गुण आहेत का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिसरा प्रश्न ग्रंथालयाचा. विद्यापीठाच्या विधी-डेटाबेसचे प्रवेशहक्क ऑनलाइन विद्यार्थ्याला मिळत नसतील, तर भरलेल्या शुल्काचा मोठा भाग वाया जातो.

पहिले सहा आठवडे: कायद्याचा मूळ मजकूर

नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने आठवड्याला आठ-नऊ तास आणि एकूण चोवीस आठवडे धरावेत. त्यांतले पहिले सहा आठवडे फक्त मूळ कायदा वाचण्यात घालवावेत. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर दोन्ही कायदे विनामूल्य मिळतात. स्पर्धा कायद्यात कलम ३ (स्पर्धाविरोधी करार), कलम ४ (वर्चस्वाचा गैरवापर), कलम ५ आणि ६ (विलीनीकरण व ताबा) आणि कलम १९ (चौकशी करताना पाहायचे घटक) हा गाभा आहे. ग्राहक कायद्यात कलम २ मधल्या व्याख्या, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कलम १० ते २७, तिन्ही आयोगांचे अधिकार सांगणारी कलम ३४, ४७ आणि ५८, आणि उत्पादन दायित्वाचे सहावे प्रकरण यांवर भर द्यावा. वाचन मोठ्याने करावे. ‘परंतु’ने सुरू होणारी परंतुके डोळ्यांखालून निसटतात, जिभेवरून निसटत नाहीत.

वाचताना एक जाडजूड वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर दोन रकाने आखावेत, डावीकडे स्पर्धा कायदा, उजवीकडे ग्राहक कायदा. मग एकेक प्रश्न घेऊन दोन्ही रकाने भरावेत. दाद कोण मागू शकते? ग्राहक आयोगापुढे कलम २(५) मध्ये बसणारा तक्रारदारच उभा राहतो. स्पर्धा आयोगाला मात्र कोणीही माहिती देऊ शकते आणि ओला-उबरविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्टपणे मान्य केले. मुदत किती? ग्राहक तक्रारीला दोन वर्षे, स्पर्धा आयोगाला माहिती देण्यास २०२३ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षे. पैसे कोणाला मिळतात? ग्राहक आयोग तक्रारदाराला भरपाई देतो. स्पर्धा आयोगाचा दंड भारताच्या संचित निधीत जातो आणि नुकसान झालेल्याला भरपाईसाठी कलम ५३एन खाली अपील न्यायाधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अपील कुठे? जिल्हा आयोगाच्या आदेशावर पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे, राज्य आयोगाच्या आदेशावर तीस दिवसांत राष्ट्रीय आयोगाकडे. स्पर्धा आयोगाच्या आदेशावर साठ दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे. स्पर्धा आयोगाच्या प्रकरणांची अपिले २०१७ पासून या न्यायाधिकरणाकडे आली आहेत, त्यामुळे त्याआधीच्या आदेशांत ‘स्पर्धा अपील न्यायाधिकरण’ असे नाव दिसले तर गोंधळू नये.

ग्राहक कायद्याचा एक बारकावा अनेक जुने वकीलही चुकवतात. ‘अनुचित करार’ ही २०१९ मध्ये आलेली संकल्पना आहे आणि त्या आधारावरची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही, ती राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागते. वहीत याला लाल शाईने चौकट करावी.

अर्थशास्त्राची भीती: गणपतीची गाडी

कायद्याचे विद्यार्थी ‘संबंधित बाजारपेठ’ या संकल्पनेपाशी थबकतात. अर्थशास्त्राचे पुस्तक उघडण्याआधी ओळखीचे उदाहरण घेऊन विचार करावा. गणेशोत्सवात मुंबईहून सावंतवाडीला जाण्यासाठी तीन साधने आहेत: कोकण रेल्वे, एसटी आणि खासगी बस. समजा, या मार्गावरच्या सगळ्या खासगी बस एकाच मालकाच्या आहेत आणि त्याने भाडे पाच ते दहा टक्क्यांनी कायमचे वाढवले. प्रवासी रेल्वेकडे किंवा एसटीकडे वळतील का? पुरेसे वळले आणि मालकाला वाढ परवडली नाही, तर तिन्ही साधने एकाच बाजारपेठेत आहेत. वळले नाहीत, तर खासगी बस हीच स्वतंत्र बाजारपेठ. जगभरचे स्पर्धा नियामक वापरतात ती कसोटी मुळात एवढीच आहे.

आता हे उदाहरण थोडे ताणावे. फेब्रुवारीतल्या मंगळवारी उत्तर एक येईल आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री, रेल्वेचे आरक्षण केव्हाच संपलेले असताना, दुसरे येईल. मग बाजारपेठ ऋतूप्रमाणे बदलते का? कलम १९(६) मध्ये भौगोलिक बाजारपेठेचे आणि कलम १९(७) मध्ये उत्पादनाच्या बाजारपेठेचे घटक दिलेले आहेत. त्यांतला एकेक घटक घेऊन या गाडीला लावून पाहावा. इतके झाल्यावर स्वतःला विचारावे की भाडे वाढले म्हणजे कायदा मोडला का. केवळ जास्त भाव हा गुन्हा नाही. मालकांनी आपसांत ठरवून भाव वाढवले असतील तर कलम ३, आणि वर्चस्व असलेल्या एकाच मालकाने अन्याय्य भाव लावला असेल तर कलम ४. शिवाय खासगी बसचे भाडे एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे अशी मर्यादा राज्य शासनाने २०१८ मध्ये घातलेली आहे, म्हणून आधी परिवहन विभागाकडे जावे की स्पर्धा आयोगाकडे, हाही प्रश्न उभा राहतो. क्षेत्रीय नियामक आणि स्पर्धा आयोग यांच्यातला हाच पेच भारती एअरटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे ५ डिसेंबर २०१८ रोजी सुटला. दूरसंचाराचे तांत्रिक प्रश्न आधी ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) ठरवावेत आणि त्यानंतर स्पर्धा आयोगाने चौकशी करावी, असा क्रम न्यायालयाने लावून दिला. गणपतीच्या गाडीपासून निघालेला विद्यार्थी अशा रीतीने तासाभरात या निकालापाशी पोहोचतो, आणि तो निकाल त्याला मग पाठ करावा लागत नाही.

निकालपत्र कसे वाचावे

सातव्या आठवड्यापासून अठराव्यापर्यंतचा काळ निकालपत्रांसाठी राखावा. स्पर्धा आयोगाचे आदेश त्याच्या संकेतस्थळावर आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. सारांशावर विसंबू नये. माझी पद्धत अशी आहे: पहिल्या वाचनात फक्त तारखा, पक्षकार आणि मागणी लिहून काढायची; दुसऱ्या वाचनात आयोगाने स्वतःसाठी आखलेले मुद्दे शोधून त्यांना क्रमांक द्यायचे; तिसऱ्या वाचनात प्रत्येक मुद्द्यापुढे पुरावा कोणता आणि तर्क कोणता हे वेगळे लिहायचे. असहमतीचे मत असेल तर ते शेवटी नाही, दुसऱ्या वाचनानंतर लगेच वाचावे, म्हणजे बहुमताच्या तर्कातली कच्ची जागा आधीच दिसते.

मराठी वाचकाने पहिले मोठे प्रकरण म्हणून पुण्याचे घ्यावे. पुणे महानगरपालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत झाल्याची माहिती नागरिक चेतना मंच या संस्थेने स्पर्धा आयोगाला दिली. हे २०१५ चे प्रकरण क्रमांक ५० असून त्यावर १ मे २०१८ रोजी आदेश झाला. जिंकणारा आधीच ठरलेला आणि बाकीचे केवळ निविदेची किमान संख्या भरण्यासाठी उभे केलेले, हा प्रकार आपल्याकडच्या प्रत्येक नगरपालिकेच्या आवारात कुजबुजीने सांगितला जातो. इथे तो आयोगापुढे सिद्ध झाला. शिक्षेत सवलत मिळावी म्हणून सहभागी कंपन्यांनी स्वतःहून माहिती दिली, आणि कलम ४६ चे शिथिल दंडाचे तंत्र प्रत्यक्षात कसे चालते ते या आदेशात पावलागणिक दिसते. याच्या शेजारी गॅस सिलिंडर उत्पादकांचा १ ऑक्टोबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेवावा. तिथेही निविदांतले भाव एकसारखे होते. परंतु खरेदीदार मोजकेच आणि बाजाराची रचनाच तशी असल्याने भाव जुळले तरी संगनमत सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. एकसारखा भाव कधी पुरावा होतो आणि कधी होत नाही, हे या दोन निकालांच्या मधल्या जागेत शिकायला मिळते. ही जागा कोणत्याही टिपणात सापडत नाही.

दोन्ही कायदे एकत्र शिकण्याचा खरा लाभ पुढच्या जोडीत आहे. दोन्ही प्रकरणे गुरुग्रामची, दोन्हींत घर घेणारे, दोन्हींत बिल्डरचा एकतर्फी करार. पहिल्यात बेलेअर प्रकल्पातल्या सदनिकाधारकांची संघटना डीएलएफविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे गेली आणि ऑगस्ट २०११ मध्ये ६३० कोटी रुपयांचा दंड झाला. त्यासाठी आयोगाला आधी गुरुग्राममधल्या उच्चभ्रू घरांची बाजारपेठ आखावी लागली, मग त्या बाजारपेठेत कंपनीचे वर्चस्व दाखवावे लागले, आणि त्यानंतरच कराराच्या अटींकडे वळता आले. दुसऱ्यात पायोनियर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २ एप्रिल २०१९ रोजी निकाल दिला. खरेदीदाराने हप्ता चुकवला तर अठरा टक्के व्याज, आणि बिल्डरने परताव्याला उशीर केला तर तेही दीर्घ नोटिशींनंतर फक्त नऊ टक्के, अशी ती अट होती. न्यायालयाने अशा एकतर्फी अटी म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे सांगितले. इथे बाजारपेठ आखण्याची गरजच पडली नाही. बिल्डर लहान आहे की मोठा हे कोणी विचारले नाही.

या जोडीवर दोन आठवडे द्यावेत, कंजुषी करू नये. दोन्ही करारांतल्या अटी दोन रकान्यांत उतरवाव्यात. पहिल्या मार्गाने हजारो खरेदीदारांच्या भल्याचा आदेश मिळू शकतो, पण लढा लांबतो आणि दंडाचा पैसा घर घेणाऱ्याच्या हाती येत नाही. दुसऱ्या मार्गाने एका कुटुंबाला त्याची रक्कम व्याजासह परत मिळते, पण शेजारच्या सदनिकेचा करार तसाच राहतो. पक्षकार समोर बसून ‘आता काय करू’ असे विचारतो तेव्हा उत्तर या तुलनेतून द्यायचे असते, आणि महाराष्ट्रात महारेरा हा तिसरा मार्गही त्याला समजावून सांगावा लागतो.

ग्राहक कायद्यासाठी आणखी काही निकाल अटळ आहेत. लखनऊ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालाने शासकीय संस्थाही सेवा पुरवठादार ठरतात हे मान्य झाले. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने वैद्यकीय सेवा कायद्याखाली आणली; १४ मे २०२४ रोजी मात्र वकिलांची सेवा या कायद्याबाहेर असल्याचे ठरले. शेवटचे दोन एकापाठोपाठ वाचावेत, डॉक्टर आत आणि वकील बाहेर हा भेद आपल्याला पटतो का ते लिहून काढावे. हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज प्रकरणी ४ मार्च २०२० च्या निकालाने विरुद्ध पक्षाला कैफियत दाखल करण्यास पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत देता येत नाही हे पक्के केले. व्यवहारात या निकालाचा आधार वारंवार घेतला जातो.

जुना निकाल वाचताना नंतरची दुरुस्ती हाताशी हवी. एक्सेल क्रॉप केअर प्रकरणी मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड संबंधित उत्पादनाच्या उलाढालीवरच मोजावा असे सांगितले. २०२३ च्या दुरुस्तीने उलाढाल म्हणजे जगभरच्या सर्व उत्पादनांची व सेवांची उलाढाल असे स्पष्टीकरण कायद्यात घातले. मार्च २०२४ च्या दंडविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी पुन्हा संबंधित उलाढालीच्या तीस टक्क्यांपर्यंतचा हिशेब सुरुवातीला धरला आणि कायद्यातली दहा टक्क्यांची कमाल मर्यादा वर ठेवली. या तिन्ही पायऱ्या क्रमाने मांडता आल्या नाहीत, तर दंडावरचा कोणताही प्रश्न सोडवायला घेऊ नये.

लिहिण्याचा सराव

पदव्युत्तर परीक्षेत माहिती विचारत नाहीत, मत विचारतात आणि त्या मताचा आधार पाहतात. बहुतेक स्वाध्याय इंग्रजीत लिहावे लागतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने आपला युक्तिवाद आधी मराठीत, बोलल्यासारखा, एका पानात लिहावा. तो मराठीत उभा राहत नसेल तर इंग्रजीतल्या अवघड शब्दांनी उभा राहणार नाही. नंतर इंग्रजी मसुदा करताना प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य म्हणजे त्या परिच्छेदाचे म्हणणे असावे, आणि प्रत्येक विधानाला कलम किंवा निकालाचा परिच्छेद क्रमांक जोडलेला असावा. लेखनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा वापर किती चालतो, याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असतात; ते आधी वाचावेत. त्या साधनांनी दिलेला कोणताही खटला मूळ निकालपत्र उघडून पाहिल्याशिवाय वापरू नये, कारण अस्तित्वात नसलेले खटले ती साधने सराईतपणे देतात.

पडद्याबाहेरचा अभ्यास

ऑनलाइन शिक्षणाची उणीव एकच, पण मोठी आहे: आयोग कसा चालतो ते दिसत नाही. म्हणून महिन्यातून एक सकाळ जिल्हा ग्राहक आयोगात जाऊन मागच्या बाकावर बसावे. तारखा कशा पडतात, वकील न देता आलेली वयस्कर बाई आपली पावती कशी पुढे करते, विमा कंपनीचा वकील कोणत्या आक्षेपाने सुरुवात करतो, हे पाहिल्यावर ग्राहक कायद्याचे कलम ३८ (तक्रार चालवण्याची पद्धत) वाचण्याची रीतच बदलते. तक्रार दाखल करण्यासाठी आता ई-जागृती ही व्यवस्था आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक पंचायतीसारख्या संघटनेत काही तास काम करता आले तर फारच चांगले. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेल्या चळवळीने आणि १९७५ पासूनच्या मुंबई ग्राहक पंचायतीने कायदा येण्याच्या दहा वर्षे आधीपासून हे काम केलेले आहे, आणि तिथल्या कार्यकर्त्यांकडे पुस्तकात नसलेले पुष्कळ असते. स्पर्धा कायद्याच्या बाजूने आयोगाची आंतरवासिता आणि इंटरनॅशनल कॉम्पिटिशन नेटवर्कचे विनामूल्य प्रशिक्षण वर्ग यांचा लाभ घ्यावा.

शेवटचे सहा आठवडे: प्रबंध

विषय अरुंद निवडावा. ‘डिजिटल बाजारपेठेतील स्पर्धा’ हा विषय नाही, ती ग्रंथालयाची पाटी आहे. त्याऐवजी असा प्रश्न घ्यावा: खरेदी करताना टोपलीत आपोआप जादा वस्तू टाकण्याचा प्रकार २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या तेरा डार्क पॅटर्नपैकी एक आहे; तोच प्रकार वर्चस्व असलेल्या मंचाने केला, तर कलम ४ खाली तो जोडविक्री ठरतो का, आणि दोन्ही यंत्रणांनी एकाच वर्तनाची दखल घेतली तर काय? गुगलच्या अँड्रॉइड प्रकरणातला २० ऑक्टोबर २०२२ चा १,३३७.७६ कोटी रुपयांच्या दंडाचा आदेश, व्हॉट्सअॅपच्या गोपनीयता धोरणावरचा नोव्हेंबर २०२४ चा आदेश आणि मार्च २०२४ मध्ये चर्चेसाठी खुला झालेला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा ही त्यासाठीची मुख्य सामग्री आहे. या आदेशांवर अपिले झालेली आहेत, त्यामुळे प्रत्येक आदेशाची आजची स्थिती प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात नोंदवावी.

पहिल्या आठवड्यात प्रश्न आणि आराखडा मार्गदर्शकाकडून लेखी मान्य करून घ्यावा, पुढच्या तीन आठवड्यांत प्रकरणे लिहावीत आणि पाचवा आठवडा दुरुस्तीला ठेवावा. सहाव्यात नवे काही लिहू नये. त्या आठवड्यात प्रबंधातले प्रत्येक कलम इंडिया कोडवर पुन्हा उघडून पाहावे, प्रत्येक निकालाचा परिच्छेद क्रमांक मूळ प्रतीशी ताडून पाहावा आणि ज्या तारखेपर्यंतचा कायदा विचारात घेतला आहे ती तारीख पहिल्या पानावर स्पष्ट लिहावी.